न्हावा शेवा–चाकण ट्रेलरचं ॲव्हरेज लिटरला ३.१ किलोमीटरवरून २.८ वर आलंय, डिझेल जातंय कुठं?

अठराचाकी_कळंबोली

नमस्कार मंडळी. मूळचा माण तालुक्यातला, बरीच वर्षं कळंबोलीत आहे. आधी दुसऱ्याच्या गाड्यांचा हिशोब लिहायचो, आता स्वतःचं एकच ट्रेलर आहे. बीएस६, १८ चाकी, म्हणजे सहा चाकांचा घोडा (इंजिन-केबिनचा पुढचा भाग) आणि मागं तीन ॲक्सलचं चाळीस फुटी. पासिंग, म्हणजे मालासकट परवानगीचं एकूण वजन, साडेपंचेचाळीस टनाचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर दहा जण येऊन "ही घेतलीच कशाला" यावरच बोलत बसतील.

काम ठरलेलं आहे. न्हावा शेव्यातून भरलेला कंटेनर उचलायचा, बोरघाट चढायचा, तळेगावहून चाकण एमआयडीसीत खाली करायचा आणि रिकामा डबा घेऊन परत यायचं. येऊन-जाऊन २२० किलोमीटर. जाताना वजनकाटा बहुतेक वेळा ४२ ते ४४ टन दाखवतो, येताना १८.

वर्षभर या फेरीला ७० ते ७२ लिटर लागायचे. गेले तीन महिने ७८-७९ लागतायत. फेरीमागं आठ लिटर जास्त. डिझेल नव्वदच्या आसपास धरलं आणि महिन्याच्या सोळा फेऱ्या धरल्या तर साडेअकरा हजार रुपये हवेत गेले. हप्ता भरणाऱ्या माणसाला हा आकडा झोपू देत नाही.

त्यात मेहुणा. त्याचंही असंच ट्रेलर आहे, तो न्हावा शेवा–वापी करतो आणि दर रविवारी जेवायला बसला की "आपली ४ देते बाबा" म्हणून ऐकवतो. बायको माझ्याकडं बघते.

सर्व्हिसिंग वेळेवर केलंय. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलले. शोरूमवाल्यांनी लॅपटॉप लावला, "एरर नाही" म्हणाले, बिल दिलं.

आता राहिला ड्रायव्हर. चार वर्षं माझ्याकडं आहे, दारू नाही, गाडी जपून चालवतो. तरीपण गेल्या महिन्यात रागाच्या भरात त्याच्या भत्त्यातून साडेतीन हजार कापले. तो काही बोलला नाही. चोर असता तर भांडला असता की गप्प बसला असता, हेच मला कळंना. टाकीत सेन्सर बसवू का? की अजून कुठं बघायचं राहिलंय?

---

वाशीचा_ट्रान्सपोर्टर

दादा, सरळ आहे. ड्रायव्हर बदला. ढाब्यामागं कॅन घेऊन पोरं उभी असतात, पाच-दहा लिटर कुठं जातात ते त्यांना विचारा. आमच्या सगळ्या गाड्यांना सेन्सर लावले, दुसऱ्याच महिन्यात फरक पडला.

---

पॉलिटेक्निक_मास्तर

ड्रायव्हर बदलण्याआधी दहा मिनिटं कागद-पेन घेऊन बसा. मी थर्मल शिकवतो, त्यामुळे सवयीनं गणित मांडतोय, सांभाळून घ्या.

आधी घाट. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या जवळपास. म्हणजे तुमची ४४ टनांची गाडी साधारण ५६० मीटर उचलायची आहे. त्याला लागणारी ऊर्जा २४० मेगाज्यूलच्या पुढं जाते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ च्या आसपास मेगाज्यूल असतात, पण इंजिन आणि गिअरबॉक्समधून चाकापर्यंत त्यातले साडेतेरा पोचले तरी खूप. भागाकार करा, १८ लिटर झाले. हे फक्त वजन वर न्यायचे. स्टिअरिंगवर कोणीही बसू दे, हे १८ लिटर जाणारच. आणि चाकण काही खाली कोकणात नाही, त्यामुळे वर चढवलेलं तिकडच्या उतारावर परतही मिळत नाही. परत येताना घाट उतरता तेव्हा गाडी रिकामी असते.

मेहुण्याच्या वाटेवर घोडबंदरचा चढ सोडला तर मोठं काहीच नाही. त्याचे ४ आणि तुमचे ३.१ यांत तो हुशार आणि तुम्ही अडाणी असं काही नाही, मध्ये बोरघाट आहे. येत्या रविवारी हे त्याला ऐकवा.

आता सपाट रस्ता. इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो. ४४ टन भरलेली गाडी ६० च्या वेगानं चालते तेव्हा शंभर किलोमीटरला टायरच्या घर्षणाला साधारण १९ लिटर जातात आणि हवा कापायला ७-८. ८० नं पळवली तर हवेचे १३-१४ होतात, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. पण आपल्याकडची भरलेली ट्रेलरं ८० नं पळतातच किती वेळ? म्हणून आपल्याकडं मुख्य खर्च टायरखाली आहे. घर्षण चौथ्या हिश्शानं वाढलं तर शंभर किलोमीटरला पाच लिटर गेले, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. इंजिनाचं त्यात काही चुकलेलं नसतं, त्यामुळे लॅपटॉपवर एरर येण्याचा प्रश्नच नाही.

तुमचे जादाचे आठ लिटर मी आधी चाकांत शोधले असते, टाकीत नंतर.

---

कसारा_रिटर्न

मास्तरांनी बरोबर लिहिलंय. मी गणितवाला नाही, २६ वर्षं स्टिअरिंगवर काढली, आता नाशकात एका मालकाच्या आठ गाड्या बघतो. आमचा घाट कसारा.

भाऊ, पहिली गोष्ट, मोजणी कशी करताय? पंपवाल्यानं सांगितलेल्या लिटरवर जाऊ नका. एकच पंप, एकच मशीन, गाडी त्याच जागी उभी आणि टाकी गळ्यापर्यंत फुल्ल. फेरी करून तिथंच परत फुल्ल. गाडी जरा कलती उभी राहिली तरी मोठ्या टाकीत चार-पाच लिटरची गफलत होते. असं निदान चार फेऱ्या करा. एका फेरीच्या आकड्यावर माणसाला चोर ठरवू नका.

दुसरी गोष्ट, आतले टायर. जोडटायरमध्ये बाहेरच्याची हवा सगळे बघतात. आतल्याचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही, म्हणून पंक्चरवाला काठी मारून "ठीक आहे" म्हणतो. काठीच्या आवाजावर १२० पीएसआयची हवा आणि ८० ची हवा ओळखणारा माणूस मी अजून पाहिला नाही. सकाळी गाडी थंड असताना गेज लावून ट्रेलरचे बाराच्या बारा टायर बघा.

तिसरी, आणि माझा संशय हिच्यावरच आहे. ट्रेलरचे ब्रेक. घोड्याला सगळे जपतात, ट्रेलरला कोण विचारतं? तिचा स्लॅक, म्हणजे ब्रेकची ढील घेणारा लिव्हर, गंजून बसला की पायडल सोडलं तरी लायनर ड्रमला घासत राहतो. ड्रायव्हरला एवढंच कळतं की गाडी जड जाते. तपासायला मशीन लागत नाही. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर ब्रेक फार न मारता चालवा, बाजूला घ्या आणि ट्रेलरच्या प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्या. जवळ न्या म्हणतोय, लावू नका, भाजेल. पाच गार आणि एक तापलेला निघाला तर चोर सापडला.

चौथं विचारायचं तर, घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकतो का तुमचा माणूस? टाकत असेल तर आजच थांबवा. जुन्या लोकांना वाटतं डिझेल वाचतं. आताच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय काढला की डिझेलचा पुरवठा बंदच होतो. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं, एक्झॉस्ट ब्रेकचा (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणाऱ्या ब्रेकचा) उपयोग राहत नाही, आणि ब्रेक तापून गेले की मग देवाचं नाव. हे लिटरचं नाही, जिवाचं सांगतोय.

चढताना आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा. इंजिन घुसमटेपर्यंत वरचा गिअर ओढत नेणं हीसुद्धा काटकसर नव्हे.

---

डेन्व्हरचा_पाटील

वाचून मजा आली. मी कराडचा, आता कोलोरॅडोत. माझा धंदा नाही, हौस आहे. पाऊण टनी म्हणतात तसला डिझेल पिकअप आहे आणि मागं चार टनांचा कॅम्पर. रिकामा पिकअप हायवेला लिटरला आठ किलोमीटर देतो, कॅम्पर जोडला की सव्वाचार. गंमत बघा, माझं सगळं मिळून ओझं तुमच्या सहाव्या हिश्शाचं, आणि ॲव्हरेज तुमच्यापेक्षा थोडंसंच बरं!

कारण मास्तरांनी सांगितलं तेच, फक्त उलट्या बाजूनं. कॅम्पर म्हणजे चालती भिंत आणि इथला वेग ताशी १०५ ते १२०. मी ६५ मैलांवरून ७५ वर गेलो की काटा डोळ्यांदेखत पडतो. टायरमध्ये हवा किती भरली याचा माझ्या आकड्यावर तेवढा परिणाम होत नाही, वेगाचा होतो. डेन्व्हरहून आयसेनहॉवर बोगद्यापर्यंत अठराशे मीटरची चढण आहे. तिथं ॲव्हरेज बघायचंच नाही असं बायकोला सांगून ठेवलंय.

इथल्या लोकांच्या टिपा वाचून घोड्याच्या डोक्यावर हवा वरून वळवणारं टोप बसवू नका एवढंच सांगायचं होतं. घाटात २० नं चढताना ते टोप काय करणार?

---

वाशीचा_ट्रान्सपोर्टर

मास्तर, गणित ठीक आहे हो, पण ड्रायव्हर लोक तुमचं गणित ऐकून डिझेल सोडत नाहीत. सेन्सर लावाच.

---

कसारा_रिटर्न

सेन्सर लावा, हरकत नाही. पण चाक घासत असेल तर सेन्सर एवढंच सांगेल की डिझेल जळलं. ते भाऊंना आत्ताही माहीत आहे.

---

अठराचाकी_कळंबोली

मंडळी, उशीर झाला, तीन आठवडे गेले. सगळं केलं, क्रमानं सांगतो.

आधी मोजणी. पळस्प्याजवळचा एकच पंप धरला. पहिल्या दोन फेऱ्यांना मी स्वतः गाडीत बसलो, फेरीला ७८ आणि ७९ आले. माझ्यादेखत एक थेंब इकडचा तिकडं झाला नाही. तिथंच पोटात कसंतरी झालं. आणि हो, घाटात न्यूट्रल नाही, उतारभर गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक.

गाडीत बसल्यावर आणखी एक दिसलं. तळेगाव-चाकण रस्त्यावर आम्ही एक तास चाळीस मिनिटं जागच्या जागी होतो, आणि कंपनीच्या गेटवर आणखी तास. दोन्हीकडं इंजिन चालू. उभ्या गाडीत तासाला दोनेक लिटर जळतात म्हणे. गेटवर तरी बंद करायला लावलं. तळेगावच्या रस्त्याचं मी काय करणार?

मग आतले टायर. बाराच्या बारा गेजनं तपासले. बाहेरचे सगळे ११५-१२०. आतल्यांत दोन ८५, एक ७०, आणि मधल्या ॲक्सलवरचा एक ५५! तो वर्षभरापूर्वी घातलेला नवा टायर, खांद्याला झिजून चाललाय. म्हणजे डिझेलही गेलं आणि टायरही. व्हॉल्व्हला लांब नळ्या बसवून घेतल्या, आता गेज पोचतं. पंक्चरवाल्यानं आधी काठीच मारली होती, हसू आलं.

आणि शेवटी हब. कसारा मामांनी सांगितलं तसं पनवेलच्या पुढं सपाटीला गाडी बाजूला घेतली. पाच कोमट. शेवटच्या ॲक्सलच्या डाव्या हबजवळ हात नेला आणि मागंच घेतला, पत्रा तापलेल्या तव्यासारखा. स्लॅक जाम, लायनर एका बाजूनं खाऊन गुळगुळीत. स्लॅक नवा, लायनर नवे, ड्रमला टर्निंग, बेअरिंगचं ग्रीस बदललं. ग्रीस जळून काळं झालं होतं. मेस्त्री म्हणाला, अजून महिनाभर चालवली असती तर बेअरिंग धरलं असतं, आणि ते घाटात धरलं असतं तर बोलायलाच नको. सगळं मिळून खर्च अकरा हजारांच्या आत.

त्यानंतरच्या चार फेऱ्या: ७२, ७१, ७३, ७१.

रविवारी मेहुण्याला मास्तरांचं घाटाचं गणित वहीत मांडून दाखवलं. त्यानं पाच मिनिटं वही बघितली आणि म्हणाला, "म्हणजे वापीला घाट असता तर माझी पण ३ च दिली असती?" मी हो म्हणालो. मग भाजी वाढून घेतली त्यानं, विषय संपला.

आता जे सांगायला जड जातंय ते. मेस्त्री हब उघडत होता तेव्हा ड्रायव्हर शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मालक, गणपतीच्या आधी सांगितलं होतं मी. मागनं कुणीतरी धरल्यासारखी वाटती गाडी." खरं आहे, सांगितलं होतं. मला वाटलं, ॲव्हरेज पडलं म्हणून आधीच निमित्त तयार करतोय. मी फोनवर होतो, हातानंच त्याला जा म्हटलं होतं.

साडेतीन हजार त्याला तिथंच, मेस्त्रीसमोर परत दिले. त्यानं मोजले, खिशात घातले आणि म्हणाला, "घोड्याचं पुढचं डावं चाक पण जरा आवाज करतंय." आज संध्याकाळी ते उघडतोय.