ग्रामपंचायतीचा खर्च ऑनलाइन दिसतो, मग ग्रामसभा का नाही?

मूळ पोस्ट:
मंडळी, ई-ग्रामस्वराज पोर्टल 2020 पासून चालू आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की आराखड्यात कुठली कामं धरलीत, 15 व्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून आलेले पैसे कशावर गेले हे कुणालाही दिसतं. मग ग्रामसभा लाइव्ह दाखवायला काय अडचण आहे? आमच्यासारखे कितीतरी नोकरीपायी बाहेर, नाव गावच्याच मतदार यादीत, पण 15 ऑगस्टच्या सभेत काय ठराव झाला हे कळायला चार जणांना फोन लावावे लागतात. ठरावावर मतसुद्धा बाहेरून देता आलं पाहिजे.

बांधावरून:
लाइव्हचं बघू, पण मताला साफ विरोध. टँकरची वाट आम्ही बघायची आणि पाण्याचं हिंजवडीत बसून तुम्ही ठरवायचं? आणि दादा, आमच्याकडे घरात फोन एक, तोही पोराच्या हातात. बायका आत्ता कुठे महिला ग्रामसभेत बोलायला लागल्यात, सगळा कारभार मोबाइलवर नेला की त्या परत मागं पडणार.

तहकूब:
लाइव्ह तर पाहिजेच. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, भरला नाही की सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही, मग काय, आपली-आपली माणसं बसवून ठराव मंजूर. कॅमेरा असला तर निदान किती डोकी होती ते तरी दिसेल.

माजी सदस्य:
कॅमेरा लावलात तर गरीब माणूस तोंड उघडणार नाही. सरपंचाविरुद्ध बोललेली क्लिप संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर फिरते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला दाखल्यासाठी पंचायतीतच जायचं असतं. शिवाय पोर्टलवर माहिती भरणारा संगणक परिचालक एकटा, दाखले त्यानंच काढायचे, नोंदीही त्यानंच करायच्या.

गटार नं. 2:
माझ्या मते दोन्ही बाजूंचं भांडण भलतीकडेच चाललंय. पोर्टलवर नुसतं "गटार बांधकाम" आणि रक्कम, त्यावरून कळतं काय? किती मीटर, कुठून कुठवर? आमच्या गल्लीतल्या पोरांनी टेप लावून गटार मोजलं तेव्हा मोजमाप पुस्तिका, म्हणजे काम किती झालं ते मोजून लिहिलेली वही, मागावी लागली, ती मिळायला माहिती अधिकाराचा अर्ज. खरं तर 2005 च्या कायद्यातलं कलम 4 म्हणतं की माहिती स्वतःहून जाहीर करा. बिल निघायच्या आधी पुस्तिकेचं पान आणि कामाचा फोटो ऑनलाइन टाका, तीच प्रिंट पंचायतीच्या फलकावर लावा, मग ज्याच्याकडे फोन नाही तोही जाऊन मोजेल.

बांधावरून:
हे पटलं ताई. पण बिलाच्या आधीच हां, पैसे गेल्यावर मोजून काय उपयोग?