कॅनकुनहून चिचेन इत्झा एका दिवसात: गाईडेड टूर घ्यावी की स्वतः जावं?

चाफेकळी_डॅलस:
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मेक्सिकोत कॅनकुनला जातोय, मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई ६८ वर्षांची आहे, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलीये, गुडघे कुरकुरतात पण सावकाश चालते. मुलाला शाळेत तिथल्या मूळच्या माया लोकांचे आकडे शिकवले, ठिपके आणि आडव्या रेघांचे, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, त्यामुळे पाचपैकी एक दिवस चिचेन इत्झाला, म्हणजे त्यांच्या जुन्या शहराच्या अवशेषांना, द्यायचा हे नक्की. पण हॉटेलवाले ज्या टूर विकतात त्या सगळ्या बारा-बारा तासांच्या, त्यात सेनोते (जमिनीतलं नैसर्गिक पाण्याचं कुंड), जेवण, वायादोलिद गाव असं सगळं एकत्र. आईला ते झेपेल का? आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही, तर तिथे तिला खायला काय मिळेल? आणि आता पिरॅमिडवर चढू देत नाहीत म्हणे, मग नुसतं खालून बघण्यासाठी एवढा प्रवास करावा का असं नवरा म्हणतोय. कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

पाऊलवाट:
आम्ही दोनदा गेलोय, एकदा चुकीच्या पद्धतीने आणि एकदा बरोबर, त्यामुळे दोन्ही सांगते. पहिल्यांदा मोठ्या बसची टूर घेतली होती. सकाळी पावणेसातला आम्हाला उचललं, मग आणखी सहा हॉटेलं, मग एका ठिकाणी सगळ्यांना उतरवून भाषेप्रमाणे दुसऱ्या बसमध्ये बसवलं, वाटेत एक भलंमोठं सोव्हेनिअरचं दुकान जिथे पाऊण तास, मग सेनोते, मग बुफे, आणि ज्यासाठी गेलो होतो तिथे पोचलो दीड वाजता. डोक्यावर ऊन, पांढऱ्या वाटेवरून वर येणारी झळ वेगळी, आणि प्रत्येक इमारतीसमोर चाळीस माणसांचा घोळका. गाईडचं बोलणं मागे ऐकूच येत नव्हतं. एक तास गाईडबरोबर, पाऊण तास मोकळा, की परत बस. तिकिटाचा काही भाग टूरच्या किमतीत नव्हताच, तो बसमध्ये रोख मागितला. मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण एवढ्या लांब येऊन मी काय पाहिलं हे मला परत येताना सांगता येत नव्हतं.

दुसऱ्यांदा आदल्या रात्री वायादोलिदला राहिलो. तिथून साइट साधारण ४५ किमी, पाऊण तासात गाडीने. आठला गेट उघडतं, पावणेआठला आम्ही रांगेत. आत गेल्यावर समोरची झाडं संपतात आणि कुकुलकानचं मंदिर, म्हणजे तो पिरॅमिड, एकदम उघड्यावर उभं दिसतं, तेव्हा मैदानात आम्ही धरून तीसेक लोक असतील. गाईड गेटवरच घेतला, तिथे ओळखपत्रवाले अधिकृत गाईड असतात, इंग्रजी बोलणारे मिळतात, पैसे ग्रुपचे असतात, माणशी नाही, आधी ठरवून घ्यायचे. दोन तास तो फक्त आमच्याशी बोलला आणि मुलांच्या प्रत्येक प्रश्नाला थांबला. दहा-साडेदहाला बसेस यायला लागल्या तेव्हा आमचं बघून होत आलं होतं.

एक रात्र वायादोलिदला काढणं शक्य नसेल तर निदान छोटी टूर घ्या, बारा-पंधरा माणसांची व्हॅन, आणि बुक करताना एकच प्रश्न विचारा: आधी साइट की आधी सेनोते? आधी साइट असेल तरच घ्या. कॅनकुनहून साधारण २०० किमी आहे, टोल रोडने अडीच तास.

आईंच्या गुडघ्यांचं म्हणाल तर चढणं नाहीच, त्यामुळे उलट बरं, वाटा सपाट आहेत, पण चालणं तीन किमी तरी होतं आणि सावली फार कमी, छत्री न्या. सेनोतेला मात्र विचार करा. इक किल नावाचं जे जवळचं प्रसिद्ध सेनोते आहे तिथे पाणी जमिनीपासून सुमारे २५ मीटर खाली आहे, पायऱ्या ओल्या असतात. आई वरूनच बघू शकतील, वर कठडा आहे आणि तिथून खाली दिसतं ते दृश्यही सुंदर आहे, वेली थेट पाण्यापर्यंत लोंबतात.

ह्यूस्टनकर:
दोन प्रॅक्टिकल गोष्टी. एक, घड्याळ. कॅनकुन ज्या राज्यात आहे (किंताना रो) ते युकातान राज्यापेक्षा एक तास पुढे आहे, आणि चिचेन इत्झा युकातानमध्ये. म्हणजे साइट आठला उघडते तेव्हा कॅनकुनमध्ये नऊ वाजलेले असतात. जाताना हा तास तुमच्या बाजूने, सहाला निघालात तर तिथल्या घड्याळात साडेसातला पोचता. येताना तोच तास जातो, त्यामुळे संध्याकाळचं रिझर्व्हेशन वगैरे असेल तर लक्षात ठेवा.

दोन, व्हिसा. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीनकार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईंचा बी-१/बी-२ (व्हिजिटर) व्हिसा चालू असेल तर त्यांचंही काम होईल. पण तुमच्यापैकी कोणी एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर असेल आणि पासपोर्टमधला स्टॅम्प संपलेला असेल तर नुसत्या आय-७९७ वर, म्हणजे मंजुरीच्या कागदावर, मेक्सिकोत जाता येत नाही, हे आत्ताच तपासा, आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एअरपोर्टवरून परत यावं लागलं होतं.

तिकिटं दोन असतात, एक केंद्र सरकारचं एक राज्याचं, परदेशी माणसाला दोन्ही मिळून सहाशे पेसोच्या वर जातात. पेसो रोख ठेवा. रविवारी मेक्सिकन नागरिकांना सवलत असते म्हणून गर्दी जास्त, तो दिवस टाळा. स्वतः गाडी चालवत गेलात तर साइटच्या अलीकडे रस्त्यात हात दाखवून थांबवणारे आणि तिकीट इथेच घ्या म्हणणारे लोक भेटतात, थांबायचं नाही, तिकीट फक्त गेटवर.

अन्नपूर्णा_एनजे:
जेवणाचं मी सांगते कारण माझ्या सासूबाई अशाच होत्या, अंडंही चालत नाही आणि विचारायलाही संकोच. टूरच्या बुफेमध्ये भात, सॅलड, फळं, भाजलेल्या भाज्या, तोर्तिया हे असतं. काळ्या घेवड्याचं जे घट्ट पिठल्यासारखं असतं, फ्रिहोलेस, ते शाकाहारी दिसतं पण बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, म्हणून "सिन मांतेका?" एवढं विचारायचं, म्हणजे चरबीशिवाय का. भातसुद्धा कधी चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो, "सिन पोयो" म्हणायचं. सोपा दे लीमा नावाचं लिंबाचं सूप नावावरून फसवतं, त्यात चिकन असतं. पापादझुलेसमध्ये अंडं. कोचिनिता म्हणजे डुक्कर.

मग खायचं काय? वायादोलिदच्या चौकात थांबलात तर मार्केसिता घ्या, कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं चीज. तिच्या पिठात अंडं असू शकतं, आईंना देण्याआधी विचारा. फळं भरपूर, पपई, अननस, आणि हिकामा नावाचं पांढरं कंद, वर लिंबू-तिखट, आपल्याकडच्या काकडीसारखं लागतं. आणि तोर्तिया! मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, मग वाटून करतात. आपला खायचा चुना तोच. माझ्या सासूबाईंनी एका बाईला हातावर तोर्तिया थापताना पाहिलं आणि तिथेच उभ्या राहिल्या, भाकरी बघताना राहावं तसं. तरी थेपले-दशम्या बरोबर न्या, दुपारचा भरवसा नसतो.

दुर्गवेडा_सातारा:
मी गेलो नाहीये पण वाचलंय बरंच. एक शंका आहे, कोणी जाणकार असेल तर सांगावं. महाभारतातला मय दानव, ज्याने पांडवांची मयसभा बांधली, तो आणि हे माया लोक यांचा संबंध आहे असं आमच्याकडे बरेच जण सांगतात, व्हॉट्सअपवर तर पुरावे म्हणून फोटोही येतात. यात तथ्य किती?

शिलालेख_वाचक:
दुर्गवेडा, तथ्य नाही. नाव सारखं ऐकू येतं एवढंच. माया हा शब्द तिथलाच, मायापान नावाचं त्यांचं शहर होतं त्याच्याशी जोडतात. त्यांची भाषा, लिपी, पिकं, पंचांग सगळं तिथल्या मातीत वाढलेलं आहे. आणि मला वाटतं तसं मानणं त्यांच्यावर अन्यायही आहे, कारण त्यांनी शून्य वापरलं ते आपल्याशी काही संबंध न येता, स्वतंत्रपणे. शंखासारखी खूण म्हणजे शून्य, ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि मोजणी विसाच्या पटीत. आपल्यालाच शून्याचं महत्त्व माहीत आहे, तर त्या कर्तृत्वाचं मोल आपण जास्त ओळखायला पाहिजे.

चाफेकळी, आता तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं. चढण्यासाठी जायचंच नाही, वाचण्यासाठी जायचं. कुकुलकानच्या मंदिराला चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, ३६४, आणि वरचा चौथरा धरून ३६५. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात तेव्हा दुपारी पिरॅमिडच्या कोपऱ्याच्या टप्प्यांची सावली उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर अशी पडते की साप खाली उतरतोय असं दिसतं, आणि कठड्याच्या तळाशी दगडी सापाचं डोकं आहेच. तुम्ही डिसेंबरमध्ये जाताय तर ते दिसणार नाही, पण जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवा, प्रतिध्वनी एखाद्या पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो, क्वेत्झाल पक्ष्याच्या हाकेशी तो जुळतो म्हणतात. आणि हे मंदिर एकावर एक बांधलंय. १९३० च्या दशकात आत खोदलं तेव्हा जुनं मंदिर सापडलं आणि त्यात लाल रंगाचं जॅग्वारच्या आकाराचं आसन, अंगावरचे ठिपके हिरव्या जेडचे. २०१६ मध्ये त्याच्याही आत तिसरी रचना असल्याचं कळलं.

चेंडूचं मैदान १६८ मीटर लांब आहे, बाजूच्या भिंतीवर शिरच्छेद झालेला खेळाडू कोरलाय आणि मानेतून रक्ताच्या धारा सापांच्या रूपात निघतात. मुलाला दाखवायचं की नाही तुम्ही ठरवा, पण कोरीवकाम बघण्यासारखं आहे. गोल घुमटाची वेधशाळा, एल काराकोल, बऱ्याच बसवाल्या टूर वेळेअभावी गाळतात. तुम्ही गाळू नका. शुक्राच्या उदय-अस्ताचं गणित या लोकांनी किती बारीक केलं होतं ते जर्मनीतल्या द्रेस्देन शहरात असलेल्या त्यांच्या पोथीत आहे. पोथ्या उरल्या फक्त चार. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्यांच्या पोथ्यांची होळी केली. हे वाचलं की मला दर वेळी गलबलून येतं.

आणि "माया लोक नाहीसे झाले" असं सांगणारा गाईड असेल तर बदला. लाखो लोक आजही युकातेक माया भाषा बोलतात, तुम्हाला पाणी विकणारा पोरगासुद्धा बोलत असेल.

पाऊलवाट:
+१. आमच्या गाईडने सांगितलेलं एक आठवलं, चिचेन इत्झाचा अर्थच "इत्झांच्या विहिरीच्या तोंडाशी". तिकडे जमिनीवर नद्या नाहीत, सगळा चुनखडीचा दगड, पाणी झिरपून खाली जातं आणि छत कोसळलं की सेनोते होतो. त्यामुळे पोहायच्या सेनोतेत उतरण्याआधी शॉवर घ्यायला लावतात, सनस्क्रीन धुवायला, ते पाणी गावंच्या गावं वापरतात. मुलाला आधीच सांगा.

चाफेकळी_डॅलस:
जाऊन आलो! उशिरा लिहितेय, माफ करा. सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाटताईंचं ऐकून एक रात्र वायादोलिदला राहिलो आणि पावणेआठला गेटवर होतो, अगदी सुट्टीचा आठवडा असूनही पहिला दीड तास शांत मिळाला. गाईड पन्नाशीचे होते, जवळच्याच गावचे, घरी माया बोलतात. त्यांनी मुलाला "बिश अ बेएल", कसा आहेस, हे शिकवलं आणि तो मग पुढे प्रत्येक विक्रेत्याला ते म्हणत गेला, आणि लोक इतके खूश होऊन उत्तर द्यायचे की आमचं चालणं दर दहा पावलांवर थांबायचं. नवऱ्याने टाळी वाजवली, प्रतिध्वनी आला, मग तो तिथून हलेना.

आई सगळं चालली, काराकोलपर्यंत. पवित्र सेनोतेपाशी, जिथे पूर्वी पाऊस पडावा म्हणून माया लोक चाक नावाच्या पर्जन्यदेवाला वस्तू आणि माणसंही अर्पण करायचे, तिथे ती बराच वेळ गप्प उभी होती. नंतर म्हणाली, आमच्या लहानपणी पाऊस लांबला की पोरं धोंडी धोंडी पाणी दे म्हणत दारोदार फिरायची, घरातून बायका अंगावर पाणी ओतायच्या. मी ते गाईडकाकांना इंग्रजीत सांगितलं, तर ते म्हणाले आमच्याकडेही पावसासाठी अजून विधी होतो, त्यात लहान मुलं बेडकासारखी ओरडतात. आईने ते दोनदा विचारून घेतलं.

निघताना गाईडकाकांनी मुलाला काडी दिली आणि आजीचं वय लिही म्हणाले. त्याने पांढऱ्या मातीत वर तीन ठिपके काढले, तीन वीस म्हणजे साठ, आणि खाली एक रेघ आणि तिच्यावर तीन ठिपके. आईने त्याचा फोटो काढायला लावला आणि पुण्याला मामाला पाठवला.