शिंगं आहेत म्हणून हाथोर?

बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईची ही प्राचीन इजिप्तमधली ब्राँझची मूर्ती. मुकुटावरची गायीची शिंगं आणि मधली सूर्यचकती बघून कुणीतरी ही हाथोर देवी ठरवलीय. गैरसमज होण्यासारखाच आहे, कारण हा मुकुट मुळात तिचाच. इजिप्तच्या ‘नव्या राज्या’च्या काळापासून (इ.स.पू. सोळावं ते अकरावं शतक) तो आयसिस या दुसऱ्या देवीच्या डोक्यावरही दिसू लागला. पण मांडीवर बघा: उघडंनागडं बाळ, डोक्याच्या एका बाजूला केसांची एकच बट, आणि बाईचा हात स्वतःच्या स्तनाशी. म्हणजे आपल्या मुलाला, होरस देवाला, पाजणारी आयसिस!

इ.स.पू. ६६४ नंतरच्या काळात अशा ब्राँझच्या मूर्ती ढिगानं ओतल्या गेल्या. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या जागी धातू. भाविक त्या देवळात वाहायचे. आणि हो, अशा बऱ्याच मूर्ती हवेत बसल्यासारख्या दिसतात, कारण त्यांचं आसन वेगळं, बहुधा लाकडी असायचं. लाकूड कुजलं, बाई तशीच बसून राहिली.