शब्दचर्चा : ‘उल्लेखनीय’, ‘दखलपात्र’ की आणखी काही?

मूळ प्रश्न

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर उभं आयुष्य काढलेल्या एका नटाची नोंद मी एका ऑनलाइन ज्ञानकोशात लिहिली. मराठी चित्रपटांत त्यांची बारीकसारीक कामं आहेत. बाकी सगळं दिवाळी ते होळीच्या हंगामातलं, रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांतलं. नोंद चढवली आणि लगेच तिच्या माथ्यावर पाटी आली : ‘या लेखाच्या विषयाची उल्लेखनीयता स्पष्ट होत नाही.’ पाटी लावणाऱ्यावर माझा राग नाही, नियम सगळ्यांना सारखाच. पण ती त्यांच्या मुलीच्या वाचनात आली. तिने फोन करून विचारलं, ‘ताई, बाबांचं काम उल्लेख करण्याजोगंसुद्धा नाही का?’

‘उल्लेखनीय’ हा शब्द इथे योग्य आहे का? आणि फारशा माहीत नसलेल्या नटाला तो लागू होतो की नाही, हे कशावरून ठरवायचं? शब्दाचा अर्थ पक्का झाला तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही सापडेल असं वाटतं, म्हणून इथे विचारते आहे.

प्रतिसाद

माझं मत ‘दखलपात्र’ला. दखल, दाखल, दाखला ही एकाच अरबी धातूची घराणी, आणि मूळ अर्थ आत शिरणं. कोशात कुणाला आत घ्यायचं हाच सवाल असेल, तर दाखला दाखवा आणि दाखल व्हा, इतका सरळ हिशोब या शब्दात आहे. शिवाय ‘दखल घेणे’ हे रोजच्या बोलण्यातलं आहे. नाटकाची दखल वर्तमानपत्रांनी घेतली, असं आपण सहज म्हणतो. ‘उल्लेखनीय’ मात्र भाषणातला वाटतो.

उपप्रतिसाद

व्युत्पत्ती पटली, वापर पटत नाही. ‘दखलपात्र’ म्हटलं की मराठी वाचकाला पुढचा शब्द आपोआप सुचतो : गुन्हा. वॉरंटशिवाय पोलीस अटक करू शकतात तो दखलपात्र. बाकीच्यांची पोलीस ठाण्यात नुसती एनसी घेऊन ठेवतात, तो अदखलपात्र. एखाद्या ज्येष्ठ नटाच्या नावाखाली ‘दखलपात्रता सिद्ध झालेली नाही’ असं लिहिलंत, तर घरच्यांना ते आणखी लागेल.

प्रतिसाद

कोशाच्या नोंदी तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि हा घोळ नेहमी पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘उल्लेखनीय’ची फोड उद् + लिख् + अनीय. दर्शनीय म्हणजे पाहण्याजोगं, वंदनीय म्हणजे वंदन करावं असं; तसं उल्लेखनीय म्हणजे ज्याचा उल्लेख व्हायला हवा असं. ‘अनीय’ हा प्रत्यय लागला की योग्यतेचा निवाडा आलाच. मराठीत तर हा शब्द मूळ अर्थाच्याही वर चढून बसला आहे. शाळेचा वार्षिक अहवाल असो की पोलीस पदकाची बातमी, ‘उल्लेखनीय कामगिरी’ म्हणजे वाखाणण्यासारखी कामगिरी. आणि याच भाषेत ‘अनुल्लेखाने मारणे’ हा वाक्प्रचार आहे. ज्याला खाली दाखवायचं त्याचं नावच घ्यायचं नाही, हा अपमान आपल्याकडे शिवीपेक्षा मोठा समजतात. तेव्हा त्या मुलीने पाटी चुकीची वाचली असं म्हणता येणार नाही. मराठी माणूस ती तशीच वाचणार.

कोशाला विचारायचं असतं ते वेगळंच. या नटाबद्दल, त्याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या, भरवशाच्या माणसांनी आधीच तपशिलाने लिहून ठेवलं आहे का? बस, एवढंच. नट चांगला की वाईट, त्याच्या नाटकाला गर्दी किती, हे त्यात कुठेच येत नाही.

हा प्रश्न का विचारावा लागतो तेही सांगतो. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघाला. तिथे कोणती नोंद घ्यायची हे संपादक मंडळ ठरवी, ती त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घेतली जाई आणि तिच्याखाली लिहिणाऱ्याचं नाव असे. लिहिणाराच जामीन. विकिपीडियासारख्या खुल्या कोशात कुणीही, कुठूनही, टोपणनावाने लिहितो. मराठी विकिपीडिया २००३पासून असाच चालत आला आहे. तिथे लिहिणाऱ्याच्या नावावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून सगळा भार संदर्भांवर येतो. संदर्भ नसेल तर नोंदीतलं एकही वाक्य दुसऱ्या कुणाला पडताळून पाहता येत नाही, मग ते खरं का असेना.

तुम्ही झाडीपट्टीचं नाव काढलंत म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका हे आकडे त्या वेळी सगळ्या वर्तमानपत्रांत आले. हे प्रयोग काही २०२३मध्ये झालेले नव्हते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात त्यांना ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणत ते कैक वर्षं आधीपासून. पण जानेवारी २०२३च्या आधी आणि नंतर पुण्या-मुंबईत बसून ऑनलाइन शोधणाऱ्याच्या हाती काय लागलं असतं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. माणूस तोच, काम तेच. लिहिलं गेलं नंतर. उल्लेखनीय ते आधीही होते, उल्लेखित नंतर झाले. आपला कोश तपासतो ते उल्लेखितपण, आणि पाटीवर लिहितो उल्लेखनीयपण. माझा आक्षेप नेमका यावर आहे.

प्रतिसाद

मग सरळ ‘प्रसिद्ध’ का नको? मराठीत पुस्तकही प्रसिद्ध होतं आणि माणूसही. छापून आलेला आणि नावाजलेला, दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसतात.

उपप्रतिसाद

पुस्तकाला चालेल, नटाला नाही. जाहिरातींनी हा शब्द पार झिजवला आहे. गावच्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्राचा निवेदकही ‘सुप्रसिद्ध’ असतो.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार. आता व्यवहाराचं विचारते. त्यांच्या घरून मला एक फाइल मिळाली आहे. बरीच कात्रणं आहेत, नाटकांची हँडबिलं आहेत, सत्काराची मानपत्रं आहेत, राज्य नाट्य स्पर्धेतलं अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र आहे. ‘लिहून ठेवलं आहे का’ असं तुम्ही म्हणालात ते यात बसतं का?

प्रतिसाद

फाइल सांभाळून ठेवा, ती मोलाची आहे. पण त्यातल्या प्रत्येक कागदाचं वजन सारखं धरता येणार नाही.

हँडबिल कंपनीने स्वतः छापलेलं. त्या तारखेला, त्या गावी, त्या नाटकात ते होते, इतकं त्यावरून कळेल; ‘स्वतंत्र’ म्हणून ते धरता येणार नाही. मानपत्राचंही तेच. मानपत्रात कुणी कधी उणं लिहीत नाही. प्रमाणपत्र खरं आहे, पण त्यात एकच ओळ असते. ती पुरवणी म्हणून जोडा. स्पर्धेचा निकाल त्या केंद्राच्या वर्तमानपत्रात नावानिशी छापून येतो, त्याची तारीख मिळाली तर आणखी बरं.

कात्रणं मात्र एकेक करून टेबलावर मांडा आणि पहिला परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘आपल्या सहजसुंदर अभिनयाने रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवणारे’ हे वाक्य तीन वर्तमानपत्रांत जसंच्या तसं असेल, खाली फोटोही तोच असेल आणि बातमीला बातमीदाराचं नाव नसेल, तर ती कात्रणं तीन असली तरी मजकूर एकाचाच आहे, आणि तो बहुधा आयोजकांनी पाठवलेला. अशा गठ्ठ्याने नोंद तरत नाही. एखाद्या बातमीदाराने गावात जाऊन, रात्री प्रयोग बघून, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने अर्धं पान लिहिलं असेल, तर ते एक कात्रण त्या सगळ्या गठ्ठ्याला भारी आहे.

परीक्षणं असतील तर त्यांचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा. मराठी नाट्यपरीक्षणांच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं : ‘इतर कलाकारांची साथ योग्य.’ त्या ‘इतर’मध्ये आजवर किती नट विरघळून गेले असतील! मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातले काहीजण त्या रात्री प्रयोग खांद्यावर घेऊन गेलेले असतात. परीक्षणकाराने तुमच्या नटाचं नाव घेऊन भूमिकेबद्दल निदान दोन-चार वाक्यं लिहिली असतील, तर तिथे नोंदीला पाय मिळतो.

आणि एक गैरसमज काढून टाका. संदर्भ ऑनलाइनच असायला हवा असा नियम नाही. जिल्हा आवृत्तीचं जुनं पान, दिवाळी अंकातला लेख, नाट्यसंमेलनाच्या स्मरणिकेतला टिपणवजा मजकूर, विद्यापीठात झाडीपट्टीवर झालेला प्रबंध, हे सगळं चालतं. वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक एवढं नीट द्या. विदर्भातल्या कलावंतांच्या नोंदी पडतात त्या बहुतेक वेळा याच कारणाने. लिहिलेलं असतं, पण ते नागपूर-चंद्रपूरच्या ग्रंथालयातल्या बांधीव फायलींत असतं आणि कुणी तिथपर्यंत जात नाही.

प्रतिसाद

चित्रपटांतल्या कामांबद्दल थोडं. नटांसाठी इंग्रजी विकिपीडियाच्या निकषात दोन वाटा आहेत : उल्लेखनीय अशा अनेक चित्रपटांत, मालिकांत किंवा रंगमंचीय प्रयोगांत महत्त्वाच्या भूमिका, किंवा करमणुकीच्या क्षेत्रात अनन्य, विपुल वा नवी वाट पाडणारं योगदान. निकषाला उतरलं म्हणजे नोंद नक्कीच राहते असंही नाही. संदर्भ मिळतील असं गृहीत धरता येतं, इतकंच. यातलं ‘महत्त्वाची भूमिका’ हे शब्द मराठीत फार सैल वापरतात. पडद्यावर दोन प्रसंगांपुरतं आलेल्याच्या बातमीतही ‘महत्त्वपूर्ण भूमिका’ असतेच. भूमिकेची लांबी बघू नका, ती काढून टाकली तर कथा उभी राहते का ते बघा.

अण्णा साळुंके यांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम त्यांनी केलं, कारण त्या कामाला बाई मिळेना. त्याआधी ते एका खाणावळीत कामाला होते. चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं त्यांनीच केली. त्यांच्या खाजगी आयुष्याचे तपशील अगदी तुटपुंजे आहेत. आज रस्त्यात शंभर जणांना विचारलंत तर नाव ओळखणारा सापडणं कठीण. तरी त्यांच्या नोंदीवर कुणी बोट ठेवत नाही. भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला त्यांच्याबद्दल लिहावं लागलं आहे, म्हणून.

मंदाकिनी फाळके यांचंही तसंच. दादासाहेबांची लहानगी मुलगी, ‘कालियामर्दन’ (१९१९) मधला कृष्ण. कारकीर्द नावापुरती, पण नोंद भक्कम उभी राहते. म्हणजे ‘कमी माहीत असलेला’ आणि ‘नोंद न होण्याजोगा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामांची संख्या मोजून हे ठरत नाही आणि चाहत्यांची तर नाहीच.

उपप्रतिसाद

उलट उदाहरणंही रोज दिसतात. समाजमाध्यमांवर लाखो अनुयायी, दोन मालिकांत कामं, आणि बाहेरच्या कुणी लिहिलेलं एक पानही नाही. तिथे नोंद थांबवणंच बरोबर. चित्रपटांच्या खुल्या माहितीकोशातलं पान दाखवून भागत नाही, तिथला मजकूर कलाकार आणि चाहते स्वतःच भरत असतात.

प्रतिसाद

मूळ शब्दाकडे वळतो. ‘उल्लेखनीयता’ रुळला आहे, त्याला हुसकावणं आता अवघड. धोरणाच्या पानावर तो राहू द्या. पण नोंदीच्या माथ्यावर, जिथे घरचे लोक वाचतात, तिथे माणसाचं मोजमाप करणारा शब्द नको. ‘या नोंदीला स्वतंत्र संदर्भांची आवश्यकता आहे’ एवढं लिहिलं तर काम तेच होतं. उणीव नोंदीची आहे आणि ती कुणीही भरून काढू शकतो, हे वाचणाऱ्याला कळतं. निकषासाठी नवा शब्द हवाच असेल तर ‘नोंदयोग्यता’ मला बरा वाटतो. विश्वकोशात ‘नोंद’ हा शब्द आहेच, आणि नोंदयोग्य म्हणताना योग्यता माणसाची न राहता नोंदीची होते.

मूळ प्रश्नकर्ती

‘नोंदयोग्यता’ आवडला. फाइल पुन्हा उघडली. स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्या बातमीदाराचा एक लेख त्यात आहे, आणि झाडीपट्टीवरच्या एका प्रबंधात त्यांच्यावर वेगळं प्रकरण आहे असं कळलं आहे. तो प्रबंध आधी मिळवते. तोवर नोंद मसुद्यात ठेवते आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या मुख्य लेखात त्यांच्यावर संदर्भासह एक परिच्छेद घालते. मुलीलाही हे सगळं समजावून सांगितलं. जुन्या प्रयोगांच्या तारखा ती काढून देते आहे.

एकच विचारायचं राहिलं. पहिल्या वाक्यात ‘ज्येष्ठ अभिनेते’ लिहू की ‘नट’?

उपप्रतिसाद

‘ज्येष्ठ’ काढा, ते विशेषण वाचकावर सोडा. आणि अभिनेते, नट दोन्ही चालतील, पण झाडीपट्टीत स्वतः ही मंडळी ‘कलावंत’ म्हणवतात. ‘झाडीपट्टी रंगभूमीवरील कलावंत’ असंच लिहा.