मदत हवी आहे : ४२२००१ घेतल्यावर ६१७४ सारखा शेवट का येत नाही?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकरोडला राहतो. लेक आठवीत आहे. २२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी तिने कापरेकरांचा विषय घेतलाय. इथून हाकेच्या अंतरावर, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांनी १९४९ मध्ये ६१७४ जगापुढे मांडला, याचं तिला फार अप्रूप आहे.

चार अंकांचं जमलं. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसले की फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच.

मग तिने नाशिकचा पिनकोड घेतला, ४२२००१. अंकांची बेरीज ९ आणि ९ ने पूर्ण भाग जातो, ४६८८९ वेळा. म्हणजे कापरेकरांची हर्षद संख्या! स्वारी खूश. पण वजाबाकी सुरू केली आणि गाडं अडलं :

४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६

पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि आठव्या वजाबाकीला परत ४२०८७६! पाठकोऱ्या कागदांवर आम्ही दोघींनी दोनदा हातचे तपासले. चुकतंय कुठे? तिला चार्टवर कारण लिहायचंय, त्यामुळे आठवीच्या मुलीला कळेल असं कोणी सांगाल का?

प्रतिसाद : ताई, काही चुकलेलं नाही. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या जागच्या जागी राहतात, आणि तिसरं तुम्हाला सापडलेलं सात संख्यांचं चक्र. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही सहा अंकी संख्या या तिन्हींपैकी एकीकडे जाते.

कारण असं. उतरत्या क्रमात पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा यांतले फरक काढा. ४२२१०० मध्ये ते ४, २, १ येतात. वजाबाकी म्हणजे ९९९९९ × ४ + ९९९० × २ + ९०० × १ = ४२०८७६. मूळ संख्या कुठलीही असो, उत्तर या तीन फरकांवरच ठरतं, आणि असे संच फक्त २१९ आहेत. म्हणून कधी ना कधी फिरून तिथेच यावं लागतं. चार अंकांत फरक दोनच, जोड्या ५४. त्या सगळ्या ६१७४ कडे जातात, हे तिला स्वतः तपासता येईल. तेच चार्टवर लावा. सुरुवातीचं शून्य मात्र गाळायचं नाही.

मूळ प्रश्नकर्ती : मनापासून आभार! जेवणं उरकून लगेच बसलो. पहिलीच जोडी १ आणि ०. उत्तर ९९९ आलं, तर ती म्हणाली, "आई, इथे तीनच अंक!" ०९९९ धरल्यावर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. आता ५३ राहिल्या.