एकच सीटी जळगावला ठेवायचं, अन् बाकीचे पेशंट मरू द्यायचे का?

गिरणाकाठ: "हॉस्पिटल साखळीनं दर गावात सीटी-एमआरआय घेऊ नये, एकेक मशीन जळगावला ठेवावं, बाकी शाखांनी ॲम्ब्युलन्सनं पेशंट पाठवावेत" ही पोस्ट कालपासून फिरतेय, वाचून डोकं उठलं. लिहिणारा कधी नंदुरबारकडचा धडगावचा घाट उतरलाय का? लकव्याच्या पेशंटला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं अन् सीटी झाल्याशिवाय ते देताच येत नाही. नंदुरबारला सीटी नसेल तर तो माणूस जळगावपर्यंत अर्धा लुळा होऊनच पोचणार. पैसे वाचवायचेत ना, मग सीएमसीत, म्हणजे मशीनच्या वार्षिक देखभाल करारात, सीटीची एक्स-रे ट्यूब धरलीय का ते बघा आधी. ट्यूब स्कॅनवर झिजते, गेली की लाखांत बिल, अन् करारात बारीक अक्षरात "ट्यूब वगळून" लिहिलेलं असतं.

भुसावळकर: मी सर्व्हिसच्याच लाइनीत आहे भाऊ. सीटीचं ठीक, पण एमआरआय? पेशंट असो नसो, त्याच्या मॅग्नेटचं हेलियमवरचं कूलिंग चोवीस तास. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे, थंड पाणी पुरवणारा चिलर बंद पडला की कॉम्प्रेसर बंद अन् हेलियम उडायला लागतं. जुन्या मॅग्नेटमध्ये हजार-दीड हजार लिटर असतं, सगळं बाहेर देशातून येतं. चार शाखांत चार कशाला?

गिरणाकाठ: बरं, एमआरआय दोन पुरतील. सीटीला हात लावायचा नाही.

धुळ्याची रेडिओलॉजिस्ट: सोनोग्राफीचं कोणीच बोलत नाही! आमच्या एका शाखेत मशीन बंद, दुसरीत एक नुसतं पडून, पण उचलून आणता येत नाही, पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंग तपासणीबंदीच्या कायद्याची, नोंदणी त्या जागेची, बदलायचं तर महिनाभर आधी कळवा. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद करायच्या फॉर्म एफमध्ये एक रकाना राहिला तरी गुन्हा. ओळखीतल्या एकाचं मशीन लाखेचा शिक्का मारून ठेवलंय, प्रोबच्या वायरीसकट धूळ खातंय.

रावेरची लेक: एक रकाना? ताई, २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. माझ्या मावशीला दोन मुलींनंतर रात्री गाडीत घालून तपासायला नेलं होतं, कागदावर कुठंच काही नाही. रेकॉर्ड न ठेवणं ही कारकुनी चूक नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्येच सांगितलंय.

धुळ्याची रेडिओलॉजिस्ट: मावशीबद्दल वाईट वाटतं, पण मला त्या रांगेत उभं करू नका! ज्यांनी केलं त्यांनी फॉर्म भरलाच नव्हता, अन् अडकतो तो भरणारा. मुतखडा बघायचं मशीनसुद्धा त्याच कुलपात.

रावेरची लेक: जागा बदलायची परवानगी लवकर मिळावी, एवढं मान्य. फॉर्म एफ सैल करायचं नाव काढू नका.

भुसावळकर: अहो मूळ मुद्द्यावर या. सीटी राहू द्या चारही ठिकाणी, पण चारही शाखांचा करार एकत्र करा, ट्यूब धरून, ९५ टक्के चालू राहण्याची अट घालून, बंद पडलं तर दिवसाप्रमाणे दंड. एकेकटे गेलात तर कंपनी कोणालाच भाव देत नाही. एमआरआय मात्र जळगावलाच.

गिरणाकाठ: अन् एक धुळ्याला. दोन म्हटलंय मी.