एस३०० की हलकं स्टील? वेगाच्या एका आकड्यावर गोल्फच्या आयर्नचा शाफ्ट ठरत नाही

निळीटोपी

नवख्यांसाठी आधी: आयर्न म्हणजे लोखंडी हेडची (बॉलला लागणाऱ्या टोकाची) काठी, ७ नंबर ही त्यातली मधली, आणि शाफ्ट म्हणजे काठीचा दांडा. काल इथल्याच एका चर्चेत 'वाराविरुद्ध' यांनी लिहिलं होतं: "७ नंबरचा वेग ताशी ८० मैलांच्या वर असेल तर डोळे झाकून डायनॅमिक गोल्ड एस३०० घ्या, खाली असेल तर ९५०. वजन, स्विंगवेट वगैरे सगळा फिटरांचा धंदा आहे. जड शाफ्ट पेलत नसेल तर व्यायाम करा." (एस३०० हा जड स्टील शाफ्ट, ९५० हलका; स्विंगवेट म्हणजे काठी फिरवताना हेड किती जड जाणवतं त्याचं माप; फिटर म्हणजे खेळाडूला काठी जुळवून देणारा.) खाली अकरा जणांनी 'सहमत' म्हणून सही ठोकली. नवीन लोक हे वाचून सेट घेतात, म्हणून सविस्तर लिहितो.

चार वर्षांपूर्वी मी नेमका असाच सल्ला ऐकला. माझा ७ नंबरचा वेग ८२. एस३०० घेतला. अठरापैकी पहिल्या नऊ होलना बॉल असा खाली, सरळ जायचा की मी खूश. तेराव्या होलपासून मात्र सगळे मारे उजवीकडे. हात मागे राहतात, काठीचं तोंड (फेस) उघडं येतं, मग मी मनगटाने ओढायला लागायचो. तीन महिन्यांत उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ सुरू झाली. दाराची मूठ फिरवताना जीव जायचा. पाच महिने खेळ बंद.

एस३०० साधारण १३० ग्रॅमचा, ९५० एस साधारण ९८चा. दर माऱ्याला ३२ ग्रॅमचा फरक. राउंडमधले मारे आणि त्याआधी सरावाच्या रेंजवर मारलेले बॉल मोजा. वेग मोजतो तेव्हा आपण ताजेतवाने असतो, पाच-सहा स्विंग करतो आणि त्यातला चांगला आकडा लक्षात ठेवतो. त्या आकड्यातून सोळाव्या होलवर काय होणार ते कळत नाही. माणूस वरून खाली येताना थांबतो की हिसका देतो, तेही कळत नाही. ८२ वेगाचे दोघे शेजारी उभे करा. हिसका देणाऱ्याला वजन हवं असतं, ते त्याचा हात आवरतं. सावकाश उतरणाऱ्याला तेच वजन दमवतं.

आणि एस (स्टिफ), आर (रेग्युलर) या कडकपणाच्या अक्षरांना सगळ्या कंपन्यांना बांधील असं कुठलंही माप नाही. एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका कडक निघू शकतो. डायनॅमिक गोल्डमध्येच एस२००, एस३००, एस४०० यांत कडकपणा तोच, फरक वजनाच्या वर्गवारीचा. म्हणून आधी वजन ठरवा, मग फ्लेक्स (कडकपणा). मी आज १०५ ग्रॅमच्या आसपासच्या स्टीलवर आहे. कोपर दुखत नाही, आणि सतराव्या होलचा ७ नंबर तिसऱ्या होलसारखाच लागतो.

वाराविरुद्ध

माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. तुमचं कोपर दुखलं याचं वाईट वाटतं, पण एका कोपरावरून सगळ्यांना हलकं स्टील कसं काय सुचवता?

मीही हलका शाफ्ट वापरून पाहिलाय. एस३०० काढून त्याच हेडमध्ये ९५० बसवले. बॉल आभाळात. समोरून वारा असला की ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) दहा यार्ड आधी उभा पडायचा. वारा नसला की डावीकडे. हेड कुठे आहे ते हाताला कळतच नव्हतं. फेसवर टेप लावून पाहिली, दहापैकी सात निशाण हीलकडे (फेसच्या शाफ्टजवळच्या टोकाकडे). दोन महिने सोसलं आणि परत एस३०० बसवले.

वजनामुळे स्विंगला शिस्त लागते. टायगर वुड्स इतकी वर्षं डायनॅमिक गोल्ड टूर इश्यू एक्स१०० वापरतो, तोही साधारण १३०चाच. उगाच नाही.

निळीटोपी

टायगरचा वेग, टायगरचा सराव आणि आपण! हे उदाहरण शाफ्टच्या प्रत्येक चर्चेत येतं आणि प्रत्येक वेळी गैरलागू असतं.

मधुरा_डी२

दोघांनाही एक विचारायचंय. ही ८०ची रेघ आली कुठून? स्विंग मोजणाऱ्या ट्रॅकमन यंत्राच्या जुन्या सरासरीत एलपीजीएवर (व्यावसायिक महिलांच्या टूरवर) ७ नंबरचा वेग ७६ आहे, पुरुषांच्या पीजीए टूरवर ९०. म्हणजे तुमच्या नियमाने एलपीजीएची सरासरी खेळाडू आणि आठवड्यातून एकदा खेळणारे सत्तरीचे आजोबा एकाच शाफ्टचे धनी.

माझा वेग ७५. पहिला सेट घ्यायला गेले तेव्हा एकही बॉल न मारता माझ्या हातात एल (लेडीज) फ्लेक्सचा ग्रॅफाइट शाफ्ट ठेवला. बाई आहे एवढंच पाहिलं. वर्षभर त्या काठीशी झगडले. माझा स्विंग झटक्याचा आहे, काठी कायम हाताच्या मागेपुढे. शेवटी मैत्रिणीचा १०५ ग्रॅमचा स्टील, आर फ्लेक्स, मारून पाहिला आणि तिसऱ्याच बॉलला कळलं की माझं चुकत नव्हतं, काठी चुकत होती. तेव्हा निळीटोपींचं 'आधी वजन' मला शंभर टक्के पटतं. फक्त ते वजन प्रत्येक वेळी कमीच करायचं असतं असं नाही, हेही लिहा.

आणखी एक. आता ७ नंबर म्हणजे नक्की काय? माझ्या जुन्या सेटमध्ये त्याचा लोफ्ट (फेसचा कल) ३४ अंशांचा होता, नव्यात २९. कुठल्या ७ नंबरवर मोजलेला वेग?

हिकरीप्रेमी

शेवटी कुणीतरी बोललं! ही लोफ्टची फसवणूक थांबली पाहिजे. हेडवर ७ कोरायचं, लोफ्ट जुन्या ५ नंबरचा द्यायचा, शाफ्ट अर्धा इंच लांब करायचा आणि सांगायचं, बघा, वीस यार्ड वाढले. माझ्या भाच्याच्या नव्या सेटमधला पिचिंग वेज (जवळच्या माऱ्याची काठी) ४३ अंशांचा आहे. त्याचा सँड वेज ५६चा. मध्ये तेरा अंशांचं भगदाड. शंभर यार्डांवर उभा राहतो आणि बॅगेत काठीच नाही. आता दोन वेज आणखी घेणार, म्हणजे चौदा काठ्यांच्या मर्यादेत ४ आणि ५ नंबर बाहेर.

सपाटमारा

फसवणूक कसली? या हेडमध्ये वजन तळाशी नेलेलं असतं, फेस पातळ असतो. लोफ्ट कमी केला नाही तर बॉल नको तितका वर जाईल. माझ्या ७ नंबरचा लोफ्ट २८.५ आहे आणि बॉल जुन्या ७ नंबरइतकाच उंच जातो. पंधरा यार्ड जास्त मिळतात. त्यात कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

हिकरीप्रेमी

पोटात दुखतंय म्हणता? चाळीस वर्षं खेळतोय. उंची तेवढीच, मान्य. स्पिन (बॉलची उलटी फिरकी) किती ते सांगा. ग्रीनवर पडून बॉल कुठे जातो ते सांगा. ग्रीनच्या मागच्या गवतातून दर आठवड्याला भाच्यासोबत मीच बॉल शोधतो. आयर्न यार्ड मोजायला नसतो, बॉल थांबवायला असतो.

सपाटमारा

चाळीस वर्षं खेळलं म्हणजे बरोबरच, असं नसतं. स्पिन कमी आहे, ठीक. पण ज्याला आधी १२५ यार्ड जायला ७ नंबर लागायचा आणि त्यातले निम्मे ग्रीनपर्यंत पोचायचेच नाहीत, त्याचं काय? माझे वडील अडुसष्टाव्या वर्षी या हेडमुळे पुन्हा खेळायला लागले. त्यांना जाऊन सांगा, तुमची फसवणूक झालीय म्हणून.

हिकरीप्रेमी

वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी जरूर खेळावं. माझं भांडण त्यांच्याशी नाही. हेडवरच्या आकड्याशी आहे. लोफ्ट ठळक कोरा, आकडा हवा तो टाका. एवढीच मागणी.

मधुरा_डी२

याला माझा पाठिंबा. पण सपाटमारा, तुमच्या हेडमध्ये शाफ्ट कुठला? कारण इथेच दोन्ही विषय एकत्र येतात. मुळात स्पिन कमी असलेलं हेड, त्यात बॉल खाली ठेवणारा, स्पिन घटवणारा एस३००. मग बॉल ग्रीनवर थांबणार कसा? या हेडसाठी तरी '८०च्या वर एस३००' हा नियम उलटा पडतो.

सपाटमारा

एस३००च आहे. आणि हो, माझा बॉल थांबत नाही. याला मी आजवर ग्रीनच जबाबदार धरत होतो.

कारागीर

मी स्वतःचे आणि मित्रांचे शाफ्ट बदलतो, त्यामुळे थोडं हातचं सांगतो.

वाराविरुद्ध, तुम्ही १३०चा शाफ्ट काढून ९८चा बसवलात. हेडमध्ये वजन वाढवलंत का? शाफ्ट साधारण नऊ ग्रॅमने हलका झाला की स्विंगवेट एक अंकाने उतरतं. बाकी सगळं तेच ठेवलं असेल तर डी२ची काठी सी९च्या खाली गेली (मोजपट्टी सी९, डी०, डी१, डी२ अशी चढते). "हेड कुठे आहे ते कळत नव्हतं" हे तुम्हीच लिहिलंय, ते याचंच लक्षण. हेडकडे दोन ग्रॅम घातले की एक अंक परत मिळतो, म्हणजे सहा-सात ग्रॅम लागले असते. होझल (हेडची शाफ्ट बसवायची नळी) तापवून इपॉक्सीचा गोंद सोडवायचा, शाफ्टच्या टोकात पितळेची खुंटी घालायची आणि पुन्हा चिकटवायचं. त्याआधी खात्री हवी असेल तर हेडच्या मागे तेवढ्याच वजनाची शिशाची पट्टी लावून बघायची.

शाफ्टच्या टोकाचा व्यासही बघा, ०.३५५ इंच की ०.३७०. टेपर (निमुळतं टोक, ०.३५५) आहे की पॅरलल (सरळ टोक, ०.३७०) हे न बघता मागवलेला सेट माझ्याकडे पडून आहे. आणि फ्लेक्स जरासाच मऊ हवा असेल तर नवा सेट कशाला? ६ नंबरचा टेपर शाफ्ट ७ नंबरच्या हेडमध्ये, याप्रमाणे एकेक घर सरकवा.

वाराविरुद्ध

नव्हतं वाढवलं. ज्याने बसवून दिले तो याबद्दल चकार शब्द बोलला नाही. आणि मग मी फिटिंगला धंदा म्हटलं की लोकांना राग येतो.

निळीटोपी

त्याने नीट काम केलं नाही, यात फिटिंगचा काय दोष? उलट स्विंगवेट बघायला हवं होतं हेच सिद्ध झालं. काल तुम्ही त्यालाच धंदा म्हणालात.

वाराविरुद्ध

एक मुद्दा सापडला की लगेच नाचू नका. वाऱ्यात जड शाफ्ट बरा, हे माझं म्हणणं कुणी खोडलेलं नाही.

हिकरीप्रेमी

भांडू नका. बॉबी जोन्सने १९३०चा ग्रँड स्लॅम (एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा) हिकरीच्या लाकडी काठ्यांनी मारला. पुढच्याच वर्षी, १९३१ला, बिली बर्कने स्टीलने यूएस ओपन जिंकली. हिकरीची प्रत्येक काठी वेगळी वाकते, हाताला लागेल ती निवडावी लागते. स्टीलने सगळा सेट एकसारखा केला, म्हणून आपण काठी हातात घेऊन निवडायचंच विसरलो.

वाराविरुद्ध

चार दिवसांनी लिहितोय. जुना ९५० घातलेला एक ७ नंबर मित्राकडे पडून होता. मागे शिशाची पट्टी लावली, सहा ग्रॅम. तीस बॉल मारले. टेपवरची निशाणं हीलकडून बरीच मध्यावर आली, आणि डावीकडे जाणारे तीसपैकी चारच. उंची मात्र तशीच, वाऱ्यात अजूनही नको वाटतो. कारागीर, त्याच घडणीचे पण हलके डायनॅमिक गोल्ड १२० आणि १०५ निघालेत, त्यातला १२० माझ्या हेडला बसवायचा तर किती ग्रॅमची खुंटी लागेल? निळीटोपींनी उत्तर दिलं तरी चालेल.

कारागीर

दहा-बारा ग्रॅमचाच फरक आहे, एकच अंक जाईल. दोन ग्रॅम पुरे. आधी एकाच काठीला करा, सगळा सेट उघडू नका.

निळीटोपी

आणि ती काठी तेराव्या होलनंतर मारून बघा.